आमची पावती, त्यांची पावती



गेल्या बैठकीत मी बँकेचा विषय काढला, तर दोन-तीन जाणत्या माणसांनी मला खाली बसवलं. म्हणाले, "पोरा, आपली लढाई जमिनीची आहे, फॉरेस्टशी आहे. बँक, शेअर बाजार, रिझर्व्ह बँक ही शेठलोकांची भानगड. त्यात आपण कशाला तोंड घालायचं?" बोलणारे वयानं मोठे, मोर्च्यात लाठ्या खाल्लेले, म्हणून मी तिथं गप बसलो. पण पटलं नाही. म्हणून लिहितो. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी पाड्यावरच्या शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. लांब आहे, दोन रात्री लागल्या तरी चालेल. लावणी उरकली की बसा.

आमच्या घरी एक पत्र्याचा डबा आहे. चुलीवरच्या माळ्यावर असतो, धुरानं काळा झालाय. त्यात आज्याच्या दंडाच्या पावत्या आहेत. सगळ्यात जुनी १९६४ सालची. राखीव जंगलात अतिक्रमण करून नाचणी पेरली, दंड सहा रुपये, खाली गार्डाची सही. अशा अकरा पावत्या. आजा म्हणतो, पैसे तर तीसेक वेळा दिले, कोंबड्या किती दिल्या त्याची मोजदादच नाही, पण पावती अकराच वेळा मिळाली. तेव्हा या पावत्या म्हणजे अपमान वाटायचा. संघटना आल्यावर कळलं की हाच आपला पुरावा. १९७८ च्या आधीपासून कसणारा असेल तर प्लॉट त्याच्या नावावर करायचा असा सरकारचाच आदेश होता, आणि आपण तेव्हा कसत होतो हे आपल्याला दंड करणाऱ्यानंच लिहून दिलंय.

तीन वर्षांपूर्वी मी बारावी करून घरी आलो. त्या उन्हाळ्यात आमचा एक बैल मेला. मी शहाणपणा केला. आज्याला म्हटलं, सावकाराकडं नको, बँकेत जाऊ. तालुक्याच्या एका बँकेत गेलो. साहेबांनी विचारलं, "सात-बारा?" आज्यानं डबा पुढं केला. साहेबांनी एक पावती उलगडली, वाचली आणि हसले. म्हणाले, "अरे म्हाताऱ्या, ही तर तू चोरी केल्याची पावती आहे. चोरीच्या पावतीवर कर्ज देऊ का?" आजूबाजूचे लोकही हसले. आज्यानं पावती घेतली, परत घडी केली, डब्यात ठेवली, झाकण लावलं. येताना एस.टी.त एक शब्द बोलला नाही. बैल सावकाराच्याच पैशानं आला. त्याचं व्याज आम्ही भातानं देतो, एक मणाला दीड मण.

ते साहेब राक्षस नव्हते. त्यांनी नियम सांगितला, की कागदाशिवाय पैसा नाही. नियम एवढाच असता आणि सगळ्यांना सारखा असता, तर मीही गप बसलो असतो. पण १९९२ साली मुंबईत काय झालं ते तुम्ही रेडिओवर ऐकलं असेल. हर्षद मेहता हे नाव एव्हाना आपल्या पोरांनाही ठाऊक आहे. जून १९९३ मध्ये त्यानं पत्रकारांसमोर सूटकेस ठेवून पंतप्रधानांना एक कोटी दिल्याचं सांगितलं, त्याचीच चर्चा एस.टी. स्टँडवर चालायची. ते खरं की खोटं, मला माहीत नाही. मला त्या सूटकेसपेक्षा वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तो सगळा घोटाळा पावत्यांवर झाला. त्यांनाही पावतीच म्हणायचे, बँक रिसीट. ते सांगण्याआधी रिझर्व्ह बँक म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

खिशात शंभराची नोट असेल तर काढा. (नसेल तर दहाची काढा, दोन्हीवर तेच आहे.) त्यावर हिंदीत आणि इंग्रजीत लिहिलंय की ही नोट ज्याच्या हातात असेल त्याला इतके रुपये देण्याचं वचन देतो. खाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही. म्हणजे नोट हीसुद्धा एक पावतीच. नुसता कागद, पण देशातला प्रत्येक माणूस तो घेतो, कारण सहीवर भरोसा आहे. बाजूला बऱ्याच भाषांत रक्कम लिहिलेली असते, मराठी आहे, गुजराती आहे. वारली, भिली, गोंडी नाही. ते जाऊ दे.

ही रिझर्व्ह बँक इंग्रजांच्या काळात, १९३५ साली सुरू झाली. १९४९ साली ती सरकारी मालकीची झाली. ती तुमचं-आमचं खातं उघडत नाही. ती बँकांची बँक आणि सरकारचीही बँक. एखादी बँक अडचणीत आली तर तिला पैसा कोण देणार? रिझर्व्ह बँक. सावकारांचा सावकार म्हणा. फरक एवढाच, की या सावकाराला पैसा कुणाकडून आणावा लागत नाही, तो स्वतः छापू शकतो. देशात पैसा किती फिरावा, कर्ज महाग असावं की स्वस्त, बँकांनी ते साधारण कुणाला आणि कशाच्या भरवशावर द्यावं, याची चौकट तिथं ठरते. आज्याकडं सात-बाराच मागा असं मुंबईहून कुणी लिहून पाठवलं, असं मी म्हणत नाही. पण चौकट तिथली आहे.

आता हिशोब बघा. १९९१ सालचा धरतो, कारण तो मी नीट समजून घेतलाय. कुणी बँकेत शंभर रुपये ठेवले. त्यातले पंधरा रुपये बँकेनं रिझर्व्ह बँकेत ठेवायचे. साडेअडतीस रुपयांचे सरकारी रोखे घ्यायचे, म्हणजे सरकारला कर्ज द्यायचं. हे सक्तीचं. उरले साडेशेहेचाळीस. हे बँक कर्ज म्हणून वाटते. यातले चाळीस टक्के अग्रक्रमाच्या क्षेत्राला द्यायचे असा नियम आहे, म्हणजे शेती, छोटे धंदे वगैरे. शेतीला अठरा टक्के, आणि दुर्बल घटकांना दहा टक्के. दुर्बल घटक म्हणजे आपण. साडेशेहेचाळीसचे दहा टक्के म्हणजे शंभरातले चार रुपये पासष्ट पैसे. त्यात सगळ्या देशातले आदिवासी, दलित, भूमिहीन, कारागीर आले. एवढा आपला वाटा.

हे चार रुपये पासष्ट पैसेही कुणी प्रेमानं दिलेले नाहीत. १९६९ पर्यंत बऱ्याच मोठ्या बँका शेठांच्या घरच्याच होत्या. त्या साली जुलैमध्ये १४ बँका सरकारनं ताब्यात घेतल्या, १९८० साली आणखी ६. मग खेड्यापाड्यांत शाखा निघाल्या. १९७२ साली चार टक्के व्याजाची योजना आली, एकदम गरिबांसाठी. हे झालं ते चांगलंच झालं, मी नाकारत नाही. नाहीतर आपल्याकडं काय होतं? जुन्या माणसांना विचारा. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की नवरा-बायको दोघं त्याच्याकडं गडी. लग्नगडी म्हणायचे. तिथं कागद नव्हता, पावती नव्हती, किती फिटलं ते सावकाराच्या तोंडावर. १९४५ ला तलासरी-डहाणूकडं वारली उठले ते यासाठीच. त्या मानानं बँकेचं पासबुक म्हणजे मोठीच गोष्ट.

पण शाखा आली तरी दार सगळ्यांना उघडलं नाही. ज्याच्याकडं सात-बारा आहे त्याला पीककर्ज. ज्याची जमीन फॉरेस्टच्या नावानं होती त्याला आयआरडीपीची शेळी मिळायची. शेळीचं काय झालं ते आपल्या प्रत्येक पाड्यावर माहीत आहे. दलालानं बाजारात मरतुकडी शेळी पसंत केली, कागदावर किंमत दीडपट लावली, दोन महिन्यांत ती मेली, आणि थकबाकीदार म्हणून नाव आपलं लागलं. १९९० साली कर्जमाफी झाली, दहा हजारांपर्यंतची. मोठा गाजावाजा. पण माफ काय झालं? बँकेचं कर्ज. ज्याला बँकेनं कधी दारात उभं केलं नाही, त्याचं काय माफ होणार? सावकाराचं दीडपट भात कुणी माफ केलं नाही. माफीसाठीही आधी कर्ज मिळावं लागतं, हे मला त्या वर्षी समजलं.

आता मुंबईकडं वळतो. आधी सोन्याची गोष्ट, कारण ती आपल्या बायांना पटकन कळेल.

पाऊस लांबला, घरात दाणा नाही, तर बाई काय करते? गळ्यातलं, कानातलं सावकाराकडं ठेवते. १९९१ साली आपल्या देशानं हेच केलं. परदेशातून तेल घ्यायला डॉलर लागतात. आखातात युद्ध पेटलं, तेल महागलं, आधीच्या सरकारांनी बाहेरून उचललेली थोड्या मुदतीची कर्जं अंगावर आली, आणि रिझर्व्ह बँकेकडं जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतील एवढेच डॉलर उरले. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत २० टन सोनं स्वित्झर्लंडच्या बँकेला दिलं. ते स्मगलरांकडून पकडलेलं सोनं होतं. तेवढ्यानं भागलं नाही. जुलैत रिझर्व्ह बँकेनं स्वतःच्या तिजोरीतलं सुमारे ४७ टन सोनं विमानानं इंग्लंडला पाठवलं आणि त्यावर ४० कोटी डॉलर उचलले. त्याच जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाची किंमत दोनदा उतरवली. २१ रुपयांचा डॉलर २६ च्या घरात गेला. सोन्यावरचं कर्ज त्याच वर्षात फेडलं, हेही सांगायला हवं. पण तोपर्यंत नाणेनिधी नावाचा जगाचा सावकार दारात उभा होता. सावकार नुसता पैसा देत नाही, घर कसं चालवायचं तेही सांगतो. खर्च कमी करा, गरिबाला स्वस्तात देणं कमी करा, धंदेवाल्याला मोकळं सोडा. रेशनवरच्या तांदळाचा भाव चढला तो काही आपल्या दुकानदाराच्या मर्जीनं नव्हे.

महागाईचंही असंच. त्या काळी सरकारला पैसा कमी पडला की ते रिझर्व्ह बँकेकडून उचलायचं, आणि रिझर्व्ह बँक नवा पैसा तयार करून द्यायची. बाजारात धान्य तेवढंच, पैसा जास्त. सगळी महागाई यामुळंच होते असं नाही, पाऊस असतो, व्यापाऱ्याचा साठा असतो. पण नवा पैसा ज्याच्या हातात आधी पडतो, तो जुन्या भावात माल घेऊन मोकळा होतो. आपल्या हातात रोजगार हमीच्या मजुरीतून येतो तोपर्यंत भाव चढलेला असतो. १९९१-९२ साली ठोक भाव वर्षात तेरा-चौदा टक्क्यांनी चढले. मजुरी किती चढली, तुम्हीच सांगा.

आता पावत्या. वर सांगितलं की बँकांना सरकारी रोखे घ्यावेच लागतात. एखाद्या बँकेला पंधरा दिवसांसाठी रोकड हवी असायची. ती दुसऱ्या बँकेला रोखे विकायची आणि पंधरा दिवसांनी परत घेईन असं ठरवायची. मध्ये दलाल. रोखे प्रत्यक्ष हलायचे नाहीत. विकणारी बँक एक पावती द्यायची, की रोखे माझ्याकडं आहेत, यथावकाश पाठवते. त्या पावतीवर पैसे मिळायचे. समजा मी तुम्हाला म्हटलं, माझ्या कणगीत वीस मण भात आहे, ही चिठ्ठी घ्या आणि पैसे द्या. तुम्ही कणगीत डोकावलाच नाहीत. कणगी रिकामी. मी ते पैसे घेऊन जुगार खेळलो. हेच झालं. पैसे दलालाच्या खात्यात गेले, तिथून शेअर बाजारात. शेअरचे भाव फुगत गेले. १९९१ च्या सुरुवातीला जो निर्देशांक हजाराच्या आसपास होता, तो १९९२ च्या एप्रिलमध्ये ४,४०० च्या वर. पेपरवाले म्हणत होते, देश पुढं चाललाय.

ज्यांच्या नावाच्या पोकळ पावत्या फिरल्या त्यात एक बँक ऑफ कराड, आपल्याच महाराष्ट्रातली, आणि दुसरी मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह. लहान बँका. त्यांच्या पावत्यांवर मोठमोठ्या बँकांनी शेकडो कोटी सोडले. त्या पैसे सोडणाऱ्यांत नॅशनल हाऊसिंग बँकही होती, आणि तिची मालक तेव्हा कोण होती? रिझर्व्ह बँक. म्हणजे धन्याच्या घरातूनच पैसे गेले. सरकारी रोख्यांची वही रिझर्व्ह बँकेतच असते, ती हातानं लिहायची, नोंदी मागं पडायच्या. पावत्यांचा खेळ चाललाय हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं असंही नाही. जुलै १९९१ मध्ये तशी सूचना बँकांना गेली होती. बँकांनी ती बाजूला ठेवली. आपण गार्डाची सूचना बाजूला ठेवली तर काय होतं? उभ्या पिकात गुरं घालतात. औत जप्त होतं. इथं मात्र एप्रिल १९९२ मध्ये पेपरात छापून येईपर्यंत सगळं शांत. मग रिझर्व्ह बँकेनं आपल्याच डेप्युटी गव्हर्नरांची, जानकीरामन यांची समिती नेमली. त्यांनी आकडा काढला, चार हजार कोटींच्या वर. बँक ऑफ कराड बुडाली. तिच्यात ज्यांनी पैसे ठेवले होते ते काही शेअर बाजारवाले नव्हते, साधी माणसं होती. संसदेच्या समितीनंही चौकशी केली.

आता दोन्ही पावत्या शेजारी ठेवा. आज्याच्या पावतीमागं जमीन आहे. जा आणि बघा, बांध आहेत, खाचर आहे, आज्यानं स्वतः फोडलेले दगड आहेत, तीस वर्षांची नाचणी-वरई आहे. पावती खरी, सरकारी शिक्क्याची. तिच्यावर एक बैल मिळाला नाही. त्यांच्या पावतीमागं काहीच नव्हतं, रिकामी कणगी. तिच्यावर हजारो कोटी मिळाले. मग साहेब, कागदाशिवाय पैसा नाही हा नियम नेमका कुणासाठी?

आणि हे सगळं कोणत्या साली? १९९२. त्याच साली पावसाळ्यात जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला आपली लेकरं मेली. एक-दोन नव्हे. अंगावर मांस नाही, पोटात अन्न नाही. मंत्री आले, गाड्यांनी चिखल तुडवला, बिस्किटं वाटली. श्रावण-भादव्यात घरातला दाणा संपतो हे कुणाला नवीन आहे? त्या दोन महिन्यांसाठीच माणूस सावकाराकडं जातो आणि पुढचं पीक आधीच विकून बसतो. त्या दोन महिन्यांसाठी एका घराला किती रुपये लागतात? खावटी कर्ज म्हणून जे मिळायचं ते अपुरं, आणि यायचं कधी, तर भूक होऊन गेल्यावर. पैसा नव्हता म्हणतात. पैसा होता. मुंबईत पंधरा-पंधरा दिवसांच्या पावत्यांवर फिरत होता.

यावर कोण काय म्हणतं तेही ऐका. नरसिंहम समितीचा अहवाल १९९१ च्या नोव्हेंबरात आला. रिझर्व्ह बँकेचेच जुने गव्हर्नर तिचे अध्यक्ष. समिती म्हणते, बँका दुबळ्या झाल्या, आणि त्याचं एक कारण म्हणजे सरकारनं सांगून दिलेली कर्जं. म्हणून अग्रक्रमाच्या क्षेत्राचा वाटा चाळीस टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर आणा. घोटाळा फुटण्याच्या पाच महिने आधी हे लिहिलंय. मला कुणीतरी सांगा, चार हजार कोटी काय शेळ्यांवर बुडाले? गावाकडची थकबाकी आहे हे मी मान्य करतो. राजकारण्यांनी आपल्या माणसांना कर्जं वाटली, बागायतदारांनी जाणूनबुजून थकवली, दलालांनी शेळ्या खाल्ल्या, हेही खरं. पण मग दलाल पकडा, बागायतदाराकडून वसूल करा. तो सोडून गरिबाचं दारच अरुंद करायचं, हे कुठलं औषध? १९९३ च्या बजेटमध्ये सरकारी बँकांना भांडवल म्हणून ५,७०० कोटी रुपये ठेवले. घोटाळ्याची भरपाई म्हणून नव्हे, बुडीत कर्जांनी बँका आतून पोखरल्या म्हणून. ते पैसे कुणाचे? आगपेटी घेतानाही आपण कर भरतो. बँकेनं कर्ज बुडवून घेतलं तर तिला पुन्हा भांडवल, आणि आपण शेळीचे हजार रुपये थकवले तर घरातली भांडी जप्त.

१९३५ साली इंग्रजांनी ती बँक काढली तेव्हा आपण कुठं होतो? जंगलात होतो. त्याच इंग्रजांनी जंगलही राखीव केलं आणि आपल्याला चोर ठरवलं. जमीन कुणाची आणि पैसा कुणाचा, या दोन वह्या तेव्हापासून दुसऱ्यांच्याच हातात आहेत. एका वहीसाठी आपण लढतो. दुसरी वही उघडून बघायलाही आपण घाबरतो, कारण ती इंग्रजीत आहे आणि आकड्यांची आहे. मीही घाबरायचो. बारावीला मी वाणिज्य घेतलं होतं, पण पुस्तकात रिझर्व्ह बँकेची दहा कामं पाठ करायला होती, त्यात हे अकरावं काम नव्हतं. यंदा मुंबईला मोर्चाला गेलो तेव्हा मोर्चा उठल्यावर आम्ही तिघं बोरीबंदरच्या पलीकडं चालत गेलो आणि ती इमारत बघून आलो. आकाशात गेलेली. फाटकावर बंदूकवाला. आमच्यातला एकजण म्हणाला, "रेंज ऑफिसपेक्षा फार मोठं नाही, उंच आहे नुसतं."

जाणत्यांचा मुद्दा मी सोडून दिलेला नाही. ते म्हणतात, आधी प्लॉट नावावर होऊ दे, मग बँक आपोआप येईल. मला तसं दिसत नाही. ज्यांचे प्लॉट नावावर झालेत त्यांना विचारा. त्यांतल्या कित्येकांना सोसायटीत अजून सभासद करून घेतलेलं नाही. जमीन मिळाली, बी नाही, बैल नाही, मग पहिल्याच वर्षी भात उभं असताना सावकार बांधावर. जमीन नावावर आमच्या आणि पीक त्याच्या घरात. अशी जमीन मिळवून आपण कुणासाठी लढलो?

आजा वेगळंच बोलतो. तो म्हणतो, कर्ज हवंच कशाला? सावकार काय आणि बँक काय, घेणारा मरतो. मी त्याला कायदा सांगतो, की आदिवासीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीकडं जात नाही. तो म्हणतो, कायदा तर लग्नगड्याचाही होता. याला माझ्याकडं पुरतं उत्तर नाही. पण बैल मेला तेव्हा पैसे घ्यावेच लागले ना? घ्यायचेच असतील तर दीडपट भाताच्या बदल्यात घेण्यापेक्षा, ज्या बँकेत आपल्याच रोजगार हमीचा आणि मास्तर-ग्रामसेवकाच्या पगाराचा पैसा जमा होतो तिथून घेऊ. मागणारा भिकारी नाही. बँकेतला पैसा आकाशातून पडत नाही.

म्हणून संघटनेच्या मागणीपत्रात तीन गोष्टी घालाव्यात असं माझं म्हणणं आहे, पुढच्या बैठकीत मी परत उभा राहणार आहे. ज्याच्याकडं १९७८ पूर्वीची दंडाची पावती आहे आणि जो आजही ती जमीन कसतो, त्याला सात-बारा होईपर्यंत बँकेनं आणि आदिवासी सोसायटीनं पीककर्जासाठी कसणारा शेतकरी धरावं. अग्रक्रमाचा चाळीस टक्के वाटा कमी करू नये, उलट त्यात आदिवासीला किती गेलं ते वेगळं मोजावं. आणि तालुक्यातल्या प्रत्येक शाखेनं बाहेर फळ्यावर लिहावं, की या तालुक्यातून ठेवी किती घेतल्या आणि याच तालुक्यात कर्ज किती दिलं. तलाठ्याला आपण वही वाचून दाखवायला लावली, तसंच हे. दडवण्यासारखं काही नसेल तर खडूचा खर्च आम्ही देऊ.

तोवर एक काम करा. आपापल्या घरातले डबे, बांबूची नळकांडी, कणग्या बघा. दंडाची पावती, कोर्टाचं समन्स, गार्डानं फाडून दिलेला चिटोरा, जे असेल ते काढा. उंदीर-वाळवीनं खाल्लेलं असलं तरी आणा, आकडा आणि तारीख दिसली की पुरे. प्रत्येक पाड्याची यादी एका वहीत करायची आहे: नाव, साल, दंड किती, पावती मिळाली की नाही. पावती न देता पैसे घेतले असतील तर तेही लिहू, साक्षीदाराच्या नावासह. तालुक्याला झेरॉक्स होते, पैसे नसतील तर संघटना देईल. मूळ पावती मात्र कुणाच्याही हातात देऊ नका. तलाठी मागो, बँकवाला मागो, मी मागितली तरी देऊ नका.